हेमंतच्या नावावरची होडी

मगदूम सरांच्या टाइपिंग क्लासात कॉम्प्युटर एकच होता आणि त्याचा थाट घरी आलेल्या जावयासारखा होता. बारा टाइपरायटर बाहेर पत्र्याखाली खडखडत घाम गाळायचे आणि हा एकटा आतल्या खोलीत एसीत बसायचा. आत जाताना चपला काढायच्या, पाय पुसायचे. व्हायरस चपलांमधून येतो अशी सरांची मनापासून समजूत होती. काम झालं की सरांच्या बायकोनं शिवलेला फुलाफुलांचा झगा त्याच्या अंगावर चढायचा. खंडेनवमीला टाइपरायटरांना एकेक झेंडू मिळायचा, याला अख्खा हार.

ही सांगलीतली १९९७ सालची गोष्ट. सरांनी ते यंत्र मुलासाठी आणलं होतं. हेमंत तेरा वर्षांचा होता, वृषाली अकरा. मुलीनं टाइपिंग शिकावं, चाळीसचा वेग काढावा, म्हणजे कुठंही चिकटते. मुलानं कॉम्प्युटर शिकावा. सर काही वाईट माणूस नव्हते, त्यांच्या पिढीला जेवढं दिसत होतं तेवढंच त्यांना दिसत होतं. यंत्रानं पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा सरांनी स्वतःच्या बोटांनी हेमंतचं नाव घातलं, आणि दुसरं नाव कसं घालायचं हे पुढं कुणाला सापडलंच नाही.

दुपारी एक ते तीन सर जेवून आडवे व्हायचे. त्या दोन तासांत हेमंतनं कॉम्प्युटरवर बसायचं असा नियम होता. हेमंतला मात्र कृष्णेत पोहायचं असायचं. तो मागच्या दारानं घाटावर सटकायचा आणि त्याच्या जागी वृषाली बसायची. यंत्रात होडीचा एक गेम होता. खडकांनी भरलेली नदी, दोन बाणांच्या किल्ल्या, डावी नि उजवी, बस. वृषालीची बोटं टाइपरायटरवर तयार झालेली, त्यामुळे होडी अशी सुळकन जायची की बघत राहावं. पलीकडच्या खोलीत सर किल्ल्यांचा आवाज ऐकत पडायचे आणि पोरगं मन लावून बसलंय म्हणून समाधानानं कूस बदलायचे. तीन वर्षं असं चाललं. तीन वर्षांच्या सगळ्या शर्यती यंत्रानं इमानानं लिहून ठेवल्या, हेमंतच्या नावावर.

पुढं सर एकावन्नाव्या वर्षी क्लासच्या जिन्यावरून पडून गेले. पायरी चुकली, असं सगळे म्हणाले. क्लास बंद झाला आणि झगा घातलेलं यंत्र माळ्यावर गेलं.

*

२०४१ साली वृषाली पंचावन्न वर्षांची होती आणि मिरजेच्या एका संगणक संग्रहालयात जुन्या डिस्का जिवंत करायचं काम करत होती. काम निवांत होतं. निवृत्त माणसं यायची, आपल्या उमेदीतलं यंत्र शोधायची आणि वॉचमनची नजर चुकवून त्याच्या किल्ल्या दाबून बघायची. जुन्या यंत्रांवर जीव असलेली चार माणसं पगार घेऊन तिथं रमलेली असायची, एवढाच त्या जागेचा बोलबाला.

मग लयवाचन आलं आणि संग्रहालयाचं जवळजवळ इस्पितळ झालं.

त्यातलं शास्त्र तसं सोपं होतं. जुन्या यंत्रांत जागा फार कमी. गेमची अख्खी शर्यत चित्रासकट साठवायची तर डिस्क दोन दिवसांत भरली असती. म्हणून त्या काळच्या कारागिरांनी युक्ती केली. चित्र साठवायचंच नाही. खेळणाऱ्यानं कुठली किल्ली कधी दाबली आणि कधी सोडली, एवढंच लिहायचं. तेवढ्यावरून तीच शर्यत पुन्हा जशीच्या तशी घडवता येते. वेळ लिहिताना ते सेकंदाचे सत्तर तुकडे करायचे. आपण एका पोराच्या लहान मेंदूचा आलेख काढून ठेवतोय, हे त्या कारागिरांच्या गावीही नव्हतं.

कारण होडी खडकाच्या फार जवळ गेली की हात चूक सुधारतो आणि ती सुधारणा लहान मेंदूतून येते. काही घराण्यांत एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. त्याचं लांबलचक नाव डॉक्टरांपुरतं राहिलं, लोक त्याला लयभंग म्हणू लागले. साठीच्या आगेमागे माणसाचा तोल जातो, बोट नेम धरत नाही, शेवटी घास तोंडापर्यंत पोचत नाही. औषध नाही. रक्तातही काही सापडत नाही. पण ज्याला पुढं लयभंग होणार, त्याचा हात बालपणीच चूक सुधारताना किंचित पुढं जातो आणि पुन्हा मागं येतो. वय वाढलं की मेंदू ही खोड झाकायला शिकतो, मग ती थेट आजार उफाळल्यावरच उघडी पडते. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला तपासून उपयोग नाही. तपासायचा तो त्याचा लहानपणचा हात, आणि लहानपणचे हात जगात एकाच ठिकाणी लिहिलेले राहिले होते, जुन्या गेममध्ये. ते वाचणं म्हणजे लयवाचन.

हे कळल्यावर माणसं माणसांसारखीच वागली. विवाहमंडळं पत्रिकेबरोबर आईवडिलांचं लयवाचन मागू लागली. कुणी माळ्यावरचे कॉम्प्युटर गुपचूप विहिरीत टाकले. ज्यांच्या घरी त्या काळी कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नव्हती ते सुटले. गरिबीनं एकदा तरी कुणाचं भलं केलं म्हणायचं. आणि ज्यांच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो, म्हणजे वैमानिक, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, त्यांच्यासाठी कायदा झाला. पन्नाशी ओलांडलेल्या अशा माणसाची बालपणची नोंद कुठंही सापडली तर ती हस्तक्षमता समितीपुढं गेली पाहिजे.

हेमंत मगदूम मिरजेत डोळ्यांचा सर्जन होता. बावीस वर्षांत त्यानं किती मोतीबिंदू काढले याचा हिशेब त्यानं ठेवला नव्हता, लोकांनी ठेवला होता. बाजारात तो भाजी घ्यायला गेला की कुणीतरी म्हातारी वाट अडवून म्हणायची, तुमच्यामुळं नातवाचं तोंड दिसलं बघा.

आणि त्या क्लासातल्या यंत्राची डिस्क वृषालीनंच हौसेनं संग्रहालयात आणली. अप्पांची, म्हणजे मगदूम सरांची, आठवण म्हणून. तिच्या मनात लयवाचन नव्हतंच. तिनं गंज काढला, तुटलेली तार जोडली, तीन आठवडे खपून डिस्क बोलती केली. नावांची यादी नियमाप्रमाणे आपोआप समितीकडं गेली. यादीत नाव एकच होतं.

*

समितीचा निकाल आला तो नोव्हेंबरात. हेमंत मगदूम यांच्या नोंदीत लयभंगाची खूण स्पष्ट आहे. खात्रीसाठी समितीनं त्याला तोच गेम पुन्हा खेळायला लावला होता. हाताला चेहऱ्यासारखी ओळख असते. तेराव्या वर्षीचा आणि सत्तावन्नाव्या वर्षीचा हात एकाच माणसाचा असेल तर ऐंशी टक्क्यांच्या वर जुळतो. हेमंतचा एकोणीस जुळला. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की मग हा हात याचा नाहीच. पण नियमाला अशा वेळी उत्तर तयार असतं. हात जुळला तर ओळख पटली. नाही जुळला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण लयभंग सुरू झाला की हात बदलतोच. उलट न जुळणं म्हणजे आजार सुरू झाल्याचंच लक्षण. हेमंतचं शस्त्रक्रियेचं परवानापत्र काढून घेतलं. चष्म्याचे नंबर काढायला हरकत नाही, असं खाली लिहिलं होतं.

वृषालीनं ते संग्रहालयात वाचलं आणि खुर्चीत बसली ती उठेचना. होडी कुणी चालवली होती हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. तरी माणसाचं मन लबाड असतं. कदाचित दादाही कधीतरी बसला असेल, ती खूण त्याच्या शर्यतींतली असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर तिनं दार लावलं, गेम सुरू केला आणि तीन शर्यती खेळल्या. चाळीसेक वर्षांनी बोटांना सगळं आठवत होतं. जुन्या नोंदीशी ताडून पडद्यावर आकडा आला, त्र्याण्णव.

म्हणजे हात तिचा, खूण तिची, आजार तिचा.

आणि तिच्यामागून निम्मी शक्यता मनवाची. मनवा तिची एकुलती एक लेक, तेव्हा सहावा महिना चालू होता. मनवाला कळलं तर ती पोटातल्या बाळाकडं कशी बघेल, हे वृषालीच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं तो आकडा पुसून टाकला. नुसता पडद्यावरून नाही, यंत्राच्या पोटातूनही. जुन्या नोंदी परत आणायची कला तिला येत होती, त्यामुळे कायमच्या कशा घालवायच्या हेही तिला नीट येत होतं.

बाळंतपण होऊ दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं. फेब्रुवारीत मुलगी झाली. मग बाळ जरा मान धरू दे. मग बाळाला ताप आला. मग मनवाची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती. कारणांना कधी तोटा नसतो, एक संपलं की दुसरं दारात उभं. इकडं हेमंत आधीच्या ऑपरेशनच्या खोलीशेजारी बसून अक्षरांचा तक्ता दाखवत होता. खालची ओळ वाचा, आता डावा डोळा झाका. वृषाली दर रविवारी त्याच्याकडं जायची, जेवायची आणि तोंड न उघडता परत यायची.

एके दिवशी हेमंतच्या दवाखान्यात ती थांबली असताना एक म्हातारा आला. त्याला ऑपरेशन हेमंतकडूनच हवं होतं. हेमंतनं त्याला समजावलं, दुसऱ्या डॉक्टरचं नाव दिलं. म्हातारा ऐकेना. शेवटी म्हणाला, "तुमचा हात बिघडलाय म्हणत्यात, खरं हाय का?" हेमंतनं "हो" म्हटलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्या "हो"नं वृषालीची झोप उडवली. हा सगळा पोरखेळ चौदा महिने चालला होता.

*

ती दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी गेली. हेमंत एकटाच होता, वहिनी शाळेत गेलेली. तो शेंगा सोलत बसला होता.

"दादा, ती होडी मी चालवायचे," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"बस की आधी."

"बसते. पण ऐक. ती नोंद तुझी नाही, माझी आहे. मी खेळून बघितलं, जुळलं. आणि पुसून टाकलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं."

हेमंतनं एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "मी त्या खुर्चीवर महिन्यातनं एकदासुद्धा बसत नव्हतो वृषा. मला माहीत नसेल होय?"

वृषाली त्याच्यासमोर खाली बसली.

"कागद आला त्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "नोंद मान्य आहे का म्हणून विचारलं होतं. मी सही केली."

"का केलीस?"

"माझ्यामागं कोण आहे? आम्हाला मूल नाही. माझ्या नावानं आजार लिहिला तर तो माझ्यापाशीच संपतो. तुझ्या नावानं लिहिला की मनवा आली, आता तिची पोरगी आली."

वृषालीला रडू कोसळलं. आपण लेकीसाठी भावाचा बळी देतोय या टोचणीनं ती चौदा महिने झुरली होती आणि भावानं स्वतःहून मान पुढं केलेली होती. दोघं एकमेकांसमोर बसून दर रविवारी आमटी-भात खात होते आणि दोघांनाही सगळं ठाऊक होतं.

"मला नको तुझं हे दान," ती म्हणाली. "तुझा हात चांगला आहे. लोकं आंधळी होऊन बसलीत आणि तू तक्ते दाखवतोयस. मी समितीपुढं खेळते. ऐंशीच्या वर गेलं की तू सुटलास."

"आणि मनवा?"

"मनवाला मी आज सांगते."

हेमंतनं तिला परोपरीनं समजावलं. शेवटी म्हणाला, "मग मुद्दाम वाईट खेळ. माझ्यासाठी तेवढं कर."

"तेच नाही करणार," वृषाली म्हणाली.

संध्याकाळी तिनं मनवाला सगळं सांगितलं. फक्त आधी खेळून पाहिल्याचं आणि पुसलेल्या आकड्याचं सोडून. जुळलं तर मी, एवढं ती म्हणाली. नाही जुळलं तर काय, याचा विचार तिनंच केला नव्हता. त्र्याण्णवाचा आकडा तिच्या डोक्यात पक्का बसला होता.

मनवा बराच वेळ बाळाच्या झबल्याचे बंद सोडत नि बांधत बसली. मग म्हणाली, "आधी मामाचं कर आई. माझं मी बघते." आवाज कोरडा होता. पण ती तेच म्हणाली, आणि वृषालीला लेकीचा अभिमान वाटला नि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली.

*

समिती सोमवारी अकराला बसली. अध्यक्ष डॉ. पाटवेकर मवाळ बोलणारे, वयस्क गृहस्थ होते. वृषालीनं सगळी हकीकत सांगितली. दुपारचे एक ते तीन, मागचं दार, पुसलेला आकडा. त्यांनी ती मधे न बोलता ऐकून घेतली.

"पुसलेला आकडा आम्हाला धरता येणार नाही, बाई," ते म्हणाले. "पण आत्ता खेळा. जुळला तर भावाचा परवाना आजच्या आज परत."

मनवा बाळाला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. हेमंत आत, भिंतीशी उभा.

वृषाली खेळायला बसली. पहिली शर्यत छान गेली. दुसरी त्याहून छान. खडक ओळखीचे होते, वळणं ओळखीची होती, कुठं घाई करायची नि कुठं थांबायचं हे बोटांना ठाऊक होतं. तिसऱ्या शर्यतीत एका अरुंद फटीत होडी उजवीकडं जरा जास्त गेली. तिनं सावरली, ती डावीकडं जास्त गेली. पुन्हा सावरली. होडी कुठंच आपटली नाही. वृषालीनं हात खाली घेतले आणि भावाकडं बघून हसली. जिंकल्यासारखं तिला वाटलं.

हेमंत हसला नाही. तो पडद्याकडं बघत नव्हता, मघापासून तो तिच्या बोटांकडं बघत होता.

आकडा आला, अठ्ठावन्न.

"पुन्हा घ्या," वृषाली म्हणाली. समितीनं पुन्हा घेतलं. छप्पन्न.

डॉ. पाटवेकरांनी चष्मा काढला. "सख्ख्या भावंडांचे हात कधी कधी पन्नास-साठपर्यंतही जुळतात. ही नोंद तुमची आहे असं यावरून म्हणता येत नाही. भावासाठी बहीण काय करेल याला सीमा नाही, मी समजू शकतो. खोटं निवेदन केल्याबद्दल आम्ही काही कारवाई करणार नाही. या तुम्ही."

"खोटं नाही ते," वृषाली म्हणाली. "मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात त्र्याण्णव आला होता. मग आता..."

तिथं ती थांबली. पुढचं वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं. तेव्हा जुळत होता, आता जुळत नाही. लयभंग सुरू झाला की हात बदलतो. चौदा महिन्यांपूर्वी ती बोलली असती तर भाऊ सुटला असता आणि खरं ते कागदावर आलं असतं. आता खरं सांगायला तिच्यापाशी तोंड होतं, पण हात उरला नव्हता.

हेमंतनं तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

बाकावरून मनवा उठली. "काय झालं?"

"नाही जुळला," वृषाली म्हणाली.

मनवाच्या चेहऱ्यावर जे आलं ते वृषालीनं गेल्या आठवड्याभरात पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरले, तिनं बाळाला छातीशी घट्ट आवळलं. "म्हणजे तू नव्हतीस आई. चव्वेचाळीस वर्षांमागचं कसं नीट आठवणार गं? चुकलं तुझं." एवढं बोलून झाल्यावर तिला मामाचं भान आलं आणि ती ओशाळली. "मामा, सॉरी. मी तुझ्यासाठी..."

"असू दे," हेमंत म्हणाला. "मीच खेळायचो. ही मागं उभी राहून बघायची. सारखं बघून तिला वाटायला लागलं आपणच खेळतोय. लहानपणी होतं तसं."

त्यानं हे इतक्या सहज सांगितलं की ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. मग त्यानं बहिणीकडं पाहिलं. आता तिनं फक्त मान हलवायची होती. नाही म्हणण्याइतका वेळ तिला मिळाला. मनवा डोळे पुसत होती, तोवर तो वेळ होता.

वृषालीनं मान हलवली.

"घे तुझ्या नातीला," मनवा रडत हसत म्हणाली आणि तिनं बाळ पुढं केलं. "केव्हाची तुझ्याकडं झेपावतीय."

वृषालीचे हात अर्धे वर आले आणि तिथंच थांबले. तिनं ते मागं घेतले.

"मामाकडं दे," ती म्हणाली. "त्याचा हात स्थिर आहे."

मनवानं बाळ दिलं नाही. ती आईच्या हातांकडं बघू लागली.